नागरिकत्व तिचं स्वतःचं असू द्या: सोलापूर जिल्ह्याच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर, माढा आणि धाराशिव या मतदारसंघांचे लोकसभा सदस्य
(बार्शी तालुका धाराशिव मतदारसंघात येतो, म्हणून पत्र तिघांनाही.)

स. न. वि. वि.

आपल्या देशात नागरिकत्वाच्या कायद्यानं बाईला पुरुषाइतकाच हक्क दिला आहे, असं अनेक जबाबदार माणसं सांगतात. ते बव्हंशी खरं आहे. जेवढं खरं नाही, तेवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी सोलापुरात अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि दाखल्यांची कामं करून देते. माझे आजोबा तेलंगणातून हातमागावर बसायला इथे आले आणि पूर्व भागात राहिले. आई विड्या वळायची आणि डोक्यावर टोपली घेऊन विडी कंपनीच्या ब्रँचला द्यायला जायची. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत निम्म्याहून अधिक जणींचं माहेर एका भाषेत आणि सासर दुसऱ्या भाषेत असतं. त्यामुळे नागरिकत्व हा विषय माझ्यासाठी दिल्लीतला नाही, तो रोज माझ्या टेबलावर येतो.

आधी कायद्याबद्दल. आपल्या संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदात, स्वातंत्र्यानंतरचा नागरिक कोण हे ठरवताना, भारतात कायमचं राहणाऱ्यासाठी 'आईवडिलांपैकी कोणीही एक' भारतात जन्मलेलं असणं पुरेसं मानलं आहे. आई आणि बाप यांत फरक केलेला नाही. फाळणीच्या धगीत बसून ज्यांनी हे लिहिलं, त्यांच्याकडे घाई, भीती आणि संशय यांची सगळी कारणं होती, तरी त्यांनी बापाला वरचढ केलं नाही. पण पुढे १९५५ साली संसदेनं नागरिकत्व कायदा केला तेव्हा चौथ्या कलमात बाप परत आला. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशानं नागरिकत्व मिळायचं तर त्याचे वडील भारतीय हवेत. आई भारतीय असून चालणार नव्हतं. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी 'स्त्रियांना' नोंदणीनं नागरिक होता येत होतं, भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला तसा मार्ग नव्हता.

पाचवं कलम १९८६ च्या दुरुस्तीनं सुधारलं आणि तिथे 'स्त्रिया' जाऊन 'व्यक्ती' आल्या. चौथं कलम सुधारायला १९९२ उजाडलं. १० डिसेंबर १९९२ पासून परदेशात जन्मणाऱ्या मुलाला आईवडिलांपैकी कोणीही एक भारतीय असलं तरी वंशानं नागरिकत्व मिळू लागलं. पुढच्या वर्षी, जुलै १९९३ मध्ये, स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं शिक्कामोर्तब केलं. या कराराचं नववं कलम नेमकं हेच सांगतं: नागरिकत्व मिळवणं, बदलणं, टिकवणं आणि मुलांना देणं या चारही गोष्टींत बाई आणि पुरुष समान. त्या करारातल्या काही कलमांबाबत भारतानं आपली वेगळी भूमिका नोंदवली, नवव्या कलमाबाबत मात्र नोंदवली नाही. ते आपण जसंच्या तसं स्वीकारलं.

पण १९९२ ची दुरुस्ती मागे जात नाही. एकाच भारतीय आईची, परदेशी नवऱ्यापासून, परदेशात झालेली दोन मुलं समजा. थोरलं १९९१ चं, धाकटं १९९३ चं. धाकट्याला वंशानं भारतीय होण्याचा हक्क आहे, थोरल्याला नाही, आणि आजही नाही. बाप भारतीय असता तर दोघांनाही असता. थोरल्याला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, घेता येतं, हे मला ठाऊक आहे. पण त्या कार्डावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि मूळ मुद्दा कार्डाचा नाहीच. १९९२ आधीच्या आयांबद्दल भारतीय कायदा आजही म्हणतो आहे की तुमचं रक्त या देशाशी नातं सांगायला पुरेसं नव्हतं.

जुन्या चुका मागे जाऊन दुरुस्त करता येत नाहीत, असं कोणी म्हणेल तर ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे १९८३ पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला ब्रिटिश आईकडून नागरिकत्व मिळत नव्हतं. २००३ पासून त्यांनी अशा मुलांना अर्ज करून नागरिक होण्याची वाट करून दिली, आधी १९६१ नंतर जन्मलेल्यांना आणि पुढे त्याआधीच्यांनाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून ज्याला हवं त्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडून अर्ज करावा, एवढी अट घालता येईल. अर्ज करणारे थोडेच असतील. थोडे आहेत म्हणून तो विषय लहान ठरत नाही.

आता आपल्या गावाची गोष्ट. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्यांवर उपचार करत राहिला, १९४१ मध्ये त्यानं क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, अवघ्या ३२ व्या वर्षी, तो तिथेच वारला. सोलापूरकर या माणसाचा अभिमान बाळगतात आणि तो बाळगायलाच हवा. छिंगलानबाई पुढे अनेकदा भारतात आल्या, त्यांचं स्वागत माहेरवाशिणीसारखं झालं.

आता त्या काळचा कायदा पाहा. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यानुसार ब्रिटिश प्रजाजनाची बायको आपोआप ब्रिटिश प्रजा धरली जाई आणि परक्याची बायको परकी. १९३३ मध्ये थोडी सवलत आली, ती एवढीच की नवऱ्याच्या देशाचं नागरिकत्व न मिळालेल्या बाईचं मूळचं जाऊ नये. म्हणजे सोलापुरात जन्मलेल्या कोटणीसांचा चीनमध्ये झालेला मुलगा, वडील कोटणीस म्हणून, कायद्याच्या दृष्टीनं इकडचा होता. समजा, त्याच पथकातून सोलापूरची एखादी मुलगी डॉक्टर म्हणून गेली असती, तिनं तेवढीच सेवा केली असती आणि एका चिनी माणसाशी लग्न केलं असतं, तर तिचं मूल इकडचं ठरलं नसतं. तिचं स्वतःचं नातंही नवऱ्याच्या देशाच्या कायद्यावर लोंबकळत राहिलं असतं. मला खात्री आहे की तिचं स्मारकही झालं नसतं. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. त्याच कायद्याच्या छायेत आपण १९५५ चं चौथं कलम लिहिलं, एवढंच दाखवायचं आहे.

जगात हा प्रश्न मिटलेला नाही. आखाती देशांत, जिथे आपली मुलं पोटासाठी जातात, तिथली स्थानिक बाई परदेशी माणसाशी लग्न करते तेव्हा तिच्या मुलांना तिचं नागरिकत्व सहजी मिळत नाही. कुवेत, कतार, सौदी अरेबिया, सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच. शेजारच्या नेपाळात परदेशी सुनेला नागरिक होता येतं, परदेशी जावयाला तशी तरतूदच नाही, आणि नेपाळी आई व परदेशी बाप यांच्या मुलाला मिळालं तरी अंगीकृत, म्हणजे वंशानं नव्हे तर अर्जावर दिलं जाणारं, नागरिकत्व मिळतं, ज्यावर राष्ट्रपती किंवा पंतप्रधान होता येत नाही. काठमांडूत हे का टिकलं हे आपण भारतीयांनी नीट ऐकावं, कारण त्याचं कारण आपण आहोत. सीमेपलीकडचा भारतीय जावई आला की देश हातचा जाईल, ही भीती तिथल्या पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षं बोलून दाखवली आहे. बिहारमधून जाणारी सून चालते, बिहारमधून येणारा जावई चालत नाही. किंमत मोजते ती नेपाळची मुलगी.

बोट्स्वानात युनिटी डाउ नावाच्या वकील बाईंनी हेच कोर्टात नेलं. नवरा अमेरिकन, मुलं बोट्स्वानात वाढणारी, पण लग्नानंतर तिथेच जन्मलेल्या मुलांनाही नागरिकत्व नाही, कारण कायदा बापाकडे बघायचा. सरकारचं म्हणणं होतं की आमच्या परंपरेत मूल बापाचं असतं. १९९१ ला उच्च न्यायालयात आणि १९९२ ला अपील न्यायालयात त्या जिंकल्या, १९९५ मध्ये कायदा बदलला. पुढे त्या तिथल्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या आणि नंतर परराष्ट्रमंत्रीही. श्रीलंकेनं २००३ मध्ये आणि बांगलादेशानं २००९ मध्ये आईला मुलाला नागरिकत्व देण्याचा हक्क दिला. परंपरेचं कारण सगळीकडे सांगितलं गेलं होतं.

आपल्याकडे परंपरा काय सांगते ते लपवण्यात अर्थ नाही. मुलगी म्हणजे परक्याचं धन. हे शब्द मी माझ्याच घरात, प्रेमानं, डोळ्यांत पाणी आणून म्हटलेले ऐकले आहेत. मुलगी गेली ती गेली, सून आली ती आपली. मुलानं परदेशातून बायको आणली तर आठ दिवसांत ती नऊवारीत गड्ड्याच्या जत्रेत दिसते, गल्लीतल्या बायका तिला शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून देतात आणि खरंच मनापासून देतात. मुलीनं परदेशी मुलगा निवडला की आधी विचारतात, तो कोणत्या धर्माचा, त्याचा हेतू काय, कागदपत्रांसाठी तर नाही ना? दोघांचा व्हिसा सारखाच, दोघांनाही नागरिकत्वासाठी सात वर्षं इथे राहणं सारखंच बंधनकारक. पण लोकांच्या मनात ती सून आणि तो घुसखोर. माझं म्हणणं असं आहे की स्थलांतरिताबद्दलची आपली भीती आणि मुलीबद्दलचा आपला हक्क या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. बाहेरून येणाऱ्या पुरुषाला आपण जेवढे घाबरतो, तेवढं आपल्या मुलीचं नागरिकत्व आपण पातळ करत जातो.

आणि हे सोलापुरानं करावं, याचं मला विशेष वाईट वाटतं. १८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. मागावर बसणारी पद्मशाली कुटुंबं निजामाच्या मुलखातून आली. निजामाची रयत कायद्यानं ब्रिटिश प्रजा नव्हती, 'संरक्षित' या सदरात मोडत होती. तुळजापूर आणि नळदुर्ग निजामाकडे, अक्कलकोट स्वतंत्र संस्थान. सोलापूर शहरातला माणूस देवीला जायचा तो दुसऱ्या राज्यात जायचा, सून आणायचा ती दुसऱ्या राज्यातून आणायचा. विजापूर आपल्यासारखंच मुंबई राज्यात होतं आणि १९५६ ला म्हैसूरकडे गेलं. एका पिढीत एकाच घरातल्या बायकांनी तीन सरकारं पाहिली. ज्या चादरीवर गावाचं नाव आहे ती अशा लोकांनी विणली. आज सराफ बाजारातल्या बंगाली कारागिराची बोली ऐकून कोणी 'हा बांगलादेशी' म्हणतं, तेव्हा मला माझ्या आजीचं तोडकंमोडकं मराठी आठवतं.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहिते आहे तो कागदांचा प्रश्न.

महाराष्ट्रात लग्न झालं की बाईचं आडनाव तर बदलतंच, मधलं नावही बदलतं. बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं. पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतात. तिन्ही नावं बदललेली बाई माझ्यासमोर बसते तेव्हा तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची मुलगी आणि रेशन कार्डावरची बाई एकच आहे, हे दाखवायला तिच्याकडे लग्नपत्रिकेशिवाय काही नसतं, आणि लग्नपत्रिकेवर बहुतेक वेळा 'चि. सौ. कां.' आणि टोपणनाव असतं. त्यात आपल्या जिल्ह्याची भर. इंडी किंवा आळंदच्या शाळेत ती लक्ष्मव्वा होती, नवऱ्याच्या घरी लक्ष्मीबाई झाली, आजोळच्या तेलुगू कागदावर लक्ष्मम्मा आहे. दाखला कन्नडमध्ये, आधार मराठीत, मतदार ओळखपत्रावर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. तिचा नवरा जन्मापासून एकाच नावानं जगतो. त्याला कधी स्वतःचं स्वतःशी नातं सिद्ध करावं लागत नाही.

हे नुसतं गैरसोयीचं नाही. आसाममध्ये राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ ला लागली आणि १९ लाख ६ हजार ६५७ माणसं बाहेर राहिली. तिथे प्रत्येकाला जुन्या यादीतल्या पूर्वजाशी नातं दाखवायचं होतं. पुरुषाला बापाचं नाव शाळेच्या आणि जमिनीच्या कागदावर सापडे. लग्न होऊन दुसऱ्या गावात गेलेल्या, शाळा न पाहिलेल्या बाईकडे बापाशी नातं सांगणारा एकच कागद होता, तो म्हणजे पंचायतीचा दाखला. २०१७ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी उच्च न्यायालयानं तो दाखला अमान्य केला. लाखो बायका एका निकालानं बिनकागदाच्या झाल्या. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीच्या अटीवर तो पुन्हा मान्य केला म्हणून पुष्कळजणी तरल्या. कायद्यात बाई आणि पुरुष असा शब्दही नव्हता. फटका मात्र बाईला बसला.

२०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा २००३ ची यादी पाया धरली गेली. त्यानंतर लग्न होऊन आलेल्या बाईला सासरच्या यादीत स्वतःचं जुनं नाव सापडणार नाही हे उघड आहे, तिला आईबापाचं नाव शोधायला माहेरच्या बूथवर जावं लागतं. आपल्याकडे माहेर दुसऱ्या राज्यात आणि दुसऱ्या लिपीत असतं. दिवसाला विड्यांचा हजारा पूर्ण करून मजुरी घेणाऱ्या बाईनं कलबुर्गीला कितीदा जायचं?

देशाला आपले नागरिक कोण हे ठरवण्याचा आणि तपासण्याचा अधिकार आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे झालं त्यानंतर सरकारनं कडक पावलं उचलावीत असं मलाही वाटत होतं. पण पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा अटारीच्या फाटकावर आपण काय पाहिलं? हातात भारतीय पासपोर्ट असलेल्या, पाकिस्तानात लग्न होऊन गेलेल्या आणि माहेरी आलेल्या बायका, आणि त्यांची पाकिस्तानी पासपोर्टची मुलं. मुलांनी जायचं, आईनं थांबायचं. त्या मुलांची आई भारतीय आहे, हे दोन्हीकडच्या यंत्रणांना दिसत होतं आणि दोन्हीकडे ते कमी पडलं. दहशतवाद्याला पकडण्यासाठी लेकुरवाळ्या बाईला फाटकावर रडवावं लागतं, असं मी मानत नाही.

तुम्ही तिघं मिळून चार गोष्टी करू शकता. नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमात दुरुस्तीसाठी खासगी विधेयक मांडा, म्हणजे १९५० ते १९९२ या काळात भारतीय आईच्या पोटी परदेशात जन्मलेल्यांना अर्ज करून नागरिक होता येईल. तुमचे पक्ष वेगळे असतील, या विधेयकावर तिघांच्या सह्या असू द्या. दुसरी गोष्ट, भारतीयाशी लग्न करून ओसीआय कार्ड मिळालेल्या व्यक्तीचा घटस्फोट झाला की ते कार्ड रद्द होऊ शकतं. मार खाणारी परदेशी बायको याच भीतीनं घर सोडत नाही. जिच्यावर कौटुंबिक हिंसाचार झाला आहे किंवा जिचं मूल भारतीय नागरिक आहे, तिला यातून वगळण्याची मागणी गृहमंत्रालयाकडे करा आणि मिळेल ते उत्तर जाहीर करा.

तिसरी गोष्ट इथली आहे आणि सगळ्यांत तातडीची. कोणत्याही पडताळणीत विवाहित बाईला माहेरशी नातं दाखवण्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि आईच्या नावाचा कोणताही सरकारी कागद चालेल, असं निवडणूक आयोगाकडून आणि गृहमंत्रालयाकडून लेखी घ्या. माहेरची नोंद दुसऱ्या राज्यात असेल तर ती मागवण्याची जबाबदारी कार्यालयानं घ्यावी, बाईवर टाकू नये. चौथी, महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात महापालिकेत विवाह नोंदवता येतो, तरी जुन्या हजारो लग्नांची नोंदच नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा आणि शहराचा पूर्व भाग इथे त्यासाठी शिबिरं घ्या. कन्नड आणि तेलुगू वाचणारा माणूस टेबलावर बसवा. प्रमाणपत्रावर बाईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव आणि तिच्या आईचं नाव असलं पाहिजे, याचा आग्रह धरा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव लावण्याचा निर्णय आपल्याच राज्यानं घेतला आहे. तो चांगला निर्णय आहे. पण त्या तारखेच्या आधी जन्मलेल्या प्रत्येकीलाही आई होती.

आणखी एक विनंती, ती कायद्याची नाही. प्रचाराच्या सभेत 'घुसखोर' हा शब्द उच्चारताना समोर बसलेल्या बायकांकडे बघा. त्यांच्यातली जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी दुसरीकडून आलेली आहे, पदरात कागद नसताना आलेली आहे, आणि तुम्हाला मत देते आहे.

संसदेच्या येत्या अधिवेशनात चौथ्या कलमाबद्दल निदान एक तारांकित प्रश्न तरी विचाराल का, हे कृपया कळवावं. शिबिरांसाठी जागा, अर्ज भरून देणाऱ्या आम्ही बायका आणि तिन्ही भाषांतले नमुने तयार आहेत. तारीख तुम्ही द्यायची आहे.

आपली,
पूर्व भागातली एक मतदार,
सोलापूर